न शिकलेल्या साहेबांचं प्रमाणपत्र

मी एक प्रमाणपत्र बोलतोय. जाड कागद, खाली तीन सह्या आणि उठावाचा शिक्का. दिसायला रुबाबदार आहे मी, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका सागरी प्रशिक्षण संस्थेत झाला. समुद्र आहे पण साधनं नाहीत, अशा देशांतल्या बंदरांना जाणती माणसं मिळावीत म्हणून श्रीमंत देशांनी निधी काढला होता. बंद पडलेली होडी वारा आणि प्रवाहाबरोबर किती तासांत कुठवर वाहत जाते, हे गणित सहा आठवड्यांत शिकवायचं. खर्च सगळा निधीतून. एका बंदराला एकच जागा.

आमच्या बंदरात ही जागा खरं तर वायरलेसवाल्या बाईंची. अकरा वर्षं होड्यांच्या हाका त्याच ऐकत होत्या. पण कचेरीत परदेशवारी ज्येष्ठतेने मिळते. साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, म्हणून साहेब गेले. वर्गात मागच्या बाकावर त्यांनी डुलक्या काढल्या आणि सुट्टीत नातवंडांसाठी खरेदी केली. हजेरी भरली, मी मिळालो.

परतल्यावर त्यांनी मला चौकटीत घालून खुर्चीमागे टांगलं. अभ्यासाची फाइल कपाटात गेली, तिचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही. मला मात्र मिरवायला आवडायचं, हे कबूल करतो.

मग एका सकाळी एका म्हाताऱ्या मच्छीमाराची होडी भर समुद्रात बंद पडली. बाईंना त्याची हाक एकदाच ऐकू आली, नंतर वायरलेस गप्प. शोध कुठे घ्यायचा, असं शोधबोटीच्या कप्तानाने विचारलं. साहेबांनी नकाशावर उत्तरेला बोट ठेवलं.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, आज प्रवाह दक्षिणेकडे आहे. होडी तिकडे गेली असेल."

कप्तानाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा भिंतीवर माझ्याकडे. "साहेब शिकून आलेत याचं," असं म्हणून तो उत्तरेला गेला. साहेबांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

चौथ्या दिवशी होडी दक्षिणेला सापडली. पाण्याचा डबा कोरडा होता आणि म्हातारा गेलेला होता.

महिन्याभराने त्याची बायको कागदांवर सही करायला आली. सोबतच्या मुलीकडून तिने मला वाचून घेतलं. मग साहेबांना म्हणाली, "तुम्ही एवढे शिकलेले, म्हणून मनाला समाधान आहे. नाहीतर जन्मभर वाटलं असतं, नीट शोधलंच नाही कुणी."

साहेब पाणी प्यायचं निमित्त करून उठून गेले. मला तेव्हा खिळ्यावरून निसटून फुटावंसं वाटलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

साहेबांनी लगेच बाईंसाठी जागा मागितली. निधीवाल्यांचं सभ्य उत्तर आलं, की तुमच्याकडे प्रशिक्षित अधिकारी आहेत, आता दुसऱ्या बंदराची पाळी. पुराव्याला माझीच झेरॉक्स जोडली होती. म्हणजे म्हाताऱ्याला नडलो तो नडलोच, बाईंच्याही वाटेत मीच आडवा आलो.

काल साहेबांनी मला चौकटीतून काढलं. निरोप समारंभ चार दिवसांवर आला आहे. बाईंना बोलावून त्यांनी पत्र वाचून दाखवलं: "मी हजर होतो, पण शिकलो काहीच नाही. माझ्या चुकीने एक माणूस गेला. हे प्रमाणपत्र रद्द करा आणि जागा बाईंना द्या."

बाईंनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या बायकोला सांगितलंत?"

"आधी तिच्याकडेच जाऊन आलो."

"काय म्हणाली?"

"दार लावून घेतलं."

आता मी त्या पत्रासोबत पाकिटात आहे. पाकीट उघडणाऱ्या माणसा, माझ्यावर फुली मार. त्याने म्हातारा परत येणार नाही आणि ते दारही उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या बंदरातून आज सकाळीही चाळीस होड्या बाहेर पडल्या आहेत. लवकर कर.