उस्तादांचा जोड

“मिस्त्री कुठे गेलेत?” टॉवेलात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवत अनुसूयाकाकूंनी विचारलं.

“मीच हाय मिस्त्री. बसा काकू.”

काकूंनी आधी सत्यशीलेकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या तिच्या कुबडीकडे आणि पुन्हा तिच्याकडे. गोरेगावात राहायला येऊन त्यांना चारच महिने झाले होते, त्यामुळे त्यांचं हे पाहणं सत्यशीलेने मनावर घेतलं नाही. नवा माणूस तिच्या दुकानात आला की असाच बघायचा. एकदा त्याचा टीव्ही लागला की पुढच्या वेळी “सत्यशीलाताई” म्हणत यायचा.

काकूंनी टॉवेल उलगडला. आत टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम होता.

“आमच्या अपूर्वचा. तो पुण्याला नोकरीला लागला, तेव्हापासून घरातच पडून होता. यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं ना, डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. रबरी चेंडू आणला, त्याला हात लावेनात. मग सुट्टीत अपूर्वने हे जोडून दिलं. आणि काय सांगू बाई, महिन्याभरात अंगठा हलायला लागला! दिवसभर त्यातली गाडी पळवत बसायचे. मागच्या सोमवारी उठताना वायरीत पाय अडकला आणि सगळंच खाली आलं. आता आवाज येतो, चित्र येत नाही. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. धड जेवत पण नाहीत.”

“आनखी कुनाला दाखवलं?”

“हिंगोलीला पाठवलं होतं. धर्मसिंग उस्ताद म्हणून आहेत. दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, प्लेट गेली, फेकून द्या.”

सत्यशीलेचा हात टॉवेलावरच थांबला.

“ठिवून जा,” ती म्हणाली. “बघते. व्हईलच असं सांगत न्हाई.”

काकू गेल्या, तरी तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला नाही. धर्मसिंग उस्तादांनी ‘गेलं’ म्हटलेलं यंत्र पुन्हा चालू झाल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, तिचा बाप मसाजी तिला त्यांच्या दुकानात घेऊन गेला होता. घरात मेंढरं. पोलिओने एक पाय गेलेली पोरगी कळपामागे चालू शकत नव्हती. दावणीपाशी बसून कोकरांच्या लोकरीत रुतलेली कुसळं काढायची आणि बापाचा ट्रान्झिस्टर बंद पडला की खोलून बसायची.

“पोरीला पाय न्हाई मालक, पर हात लई बारीक चालतो,” मसाजी म्हणाला होता. “शिकवता का?”

धर्मसिंगांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. केसासारख्या तारेचा एक गुंता तिच्या पुढ्यात टाकला होता. दुपारपर्यंत तिने तो एकही तार न तुटू देता सोडवला. उस्तादांनी बोट फिरवून पाहिलं आणि मसाजीला म्हणाले, “उद्यापासून पाठव.” पुढची तीन वर्षं ती तिथे शिकली. सोल्डर किती लावायचं हे शिकवताना ते म्हणायचे, “जोड दिसला न्हाई पाहिजे बेटा. जोड दिसला म्हंजी कच्चा.”

शेवटी तिने गेमचे स्क्रू काढले.

मागची पिवळी पिन जिथे घुसते, ते चित्राचं सॉकेट आतल्या सर्किटच्या प्लेटपासून उखडून लोंबत होतं. येताना ते आपल्याबरोबर तांब्याची एक बारीक रेघही सोलून घेऊन आलं होतं. इथवर तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शेजारच्या जोडाचं. सॉकेटच्या बाहेरच्या कड्याची तार जिथे प्लेटला मिळते, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा सोल्डरचा गोळा बसला होता. आजूबाजूची प्लेट जळून काळी पडली होती.

हे कुणी केलं? काकूंनी तर दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

तिने प्लेट उजेडात धरली. तारेचं टोक डावीकडे वाकवून चपटं केलेलं होतं. असं टोक फक्त धर्मसिंग वाकवायचे, आणि त्यांच्यामुळे ती.

दुकानाबाहेर सेनगावला जाणारी जीप माणसं भरत होती, ड्रायव्हर हाका मारत होता. सत्यशीलेला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

त्या दिवशी तिने उस्तादांच्या जोडाला हात लावला नाही. सोललेल्या रेघेचा माग काढत ती चित्र जिथून निघतं त्या ठिपक्यापर्यंत गेली आणि तिथून एकाच पदराची तार ओढून सॉकेटला दिली. दुकानातला टीव्ही लावला. चित्र आलं! पण ते खालून वर लोळत होतं, थांबायला तयार नव्हतं. तिने तार बदलली. टीव्ही बदलून पाहिला. चित्र लोळतच राहिलं. तिला कारण कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण उस्तादांच्या जोडाकडे हात वळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसूयाकाकू पुन्हा दारात उभ्या.

“होईल का हो? हे विचारतात असं नाही. पण काल मी टॉवेल घेऊन निघाले, तेव्हा मान वळवून पाहत होते.”

“सांजच्याला घरी घेऊन येते,” सत्यशीला म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तिने सोल्डरगन तापवली आणि उस्तादांचा गोळा वितळवून हळूच वर ओढून घेतला. खाली प्लेटमध्ये केसाएवढी चीर होती. गोळ्याने ती झाकली गेली होती, जुळली नव्हती. ही चीर उस्तादांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. एकाच कारणाने सुटली असती. ते कारण मनात आलं तशी तिने गन खाली ठेवली.

चिरेच्या दोन्ही अंगांनी तांबं खरवडून तिने वरून बारीक तार घातली. पण सॉकेट मात्र परत प्लेटवर बसवलं नाही. पुन्हा पाय अडकला तर पुन्हा उखडलं असतं. तिने गेमच्या डब्याला मागे भोक पाडलं, वीतभर मजबूत वायर बाहेर काढली, तिच्या टोकाला सॉकेट बसवलं आणि आतल्या बाजूने वायरीला घट्ट गाठ मारली. आता ओढ बसली तर ती गाठीवर बसणार होती, प्लेटला कळणारही नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी ती काकूंच्या घरी गेली, तेव्हा त्यांचे यजमान राधाकृष्णपंत खरंच भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. सत्यशीलेने गेम जोडला. पडद्यावर रस्ता आला, रंग आले, चित्र जागच्या जागी उभं राहिलं. मग तिने वायर हातात धरली आणि जोरात हिसका दिला.

“अहो बाई!” काकू ओरडल्या.

पिन निसटून हातात आली. तिने ती परत खोचली आणि चित्र होतं तसं उभं राहिलं. असं तिने तीनदा केलं.

“आता बैलानं वढलं तरी काय व्हत न्हाई,” ती म्हणाली. स्वतःच्या कामाबद्दल एवढं मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली होती.

पंतांनी कूस बदलली होती. काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं, गेमचा रिमोट हातात दिला. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवा अंगठा बटणावर टेकला, घसरला, पुन्हा टेकला. गाडी हलली.

“कोणी... केलं?” जड जिभेने त्यांनी विचारलं.

“ह्यांनी,” काकू म्हणाल्या. “आणि मी उद्याच हिंगोलीला निरोप धाडते. फेकून द्या म्हणे!”

“तसं नका करू काकू,” सत्यशीला म्हणाली. “ज्यांनी फेकून द्या म्हणलं ना, त्यांनीच मला शिकवलं.”

मंगळवारी दुकान बंद ठेवून ती जीपने हिंगोलीला गेली. धर्मसिंग एका रेडिओवर इतके वाकले होते की नाक प्लेटला लागत होतं. कुबडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर न करताच म्हटलं, “ये सत्यशीला. ते गेम चालू केलं म्हनं तू. जीपवाले सांगत होते.”

“व्हय उस्ताद.”

“माझा जोड काढावा लागला असंल.”

खोटं सांगायचं असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण समोर उभी राहिल्यावर तिला ते जमलं नाही. “काढला.”

“खाली काय व्हतं?”

“चीर व्हती. केसावानी.”

धर्मसिंगांनी मान हलवली. “मला न्हाई दिसली बेटा. दोन वर्सं झाली. मानूस दिसतो, रस्ता दिसतो, बारीक काय दिसत न्हाई. डॉक्टर म्हनतो, चष्म्यानं भागायचं न्हाई.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

“कुनाला सांगू? गिऱ्हाइकाला?” ते हसले. मग उठून त्यांनी कपाट उघडलं. आत तीन गेम होते, तिन्हींची सॉकेटं उखडलेली. “ह्येंच्या मालकांना पन फेकून द्या म्हनलो. त्ये हितंच ठिवून गेले. तू कसं केलं, मला सांग.”

तिने एक गेम खोलला आणि भोक कुठे पाडलं, गाठ कशी मारली ते दाखवलं. उस्तादांनी डोळे मिटले, वायर आत-बाहेर ओढून पाहिली, गाठीवरून दोनदा बोट फिरवलं.

“ह्ये मी न्हाई शिकवलं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता.

मग त्यांनी आपली खुर्ची मागे सरकवली, टेबलाला वळसा घालून बाहेर आले आणि तिला आत जायची खूण केली. ती जागची हलेना.

“बस. ढीगभर काम पडलंय.”

ती बसली. गन तापत होती, तेवढ्यात बंद पडलेला टेपरेकॉर्डर काखेत मारून एक म्हातारा आत आला. “उस्ताद, बघता का जरा?”

धर्मसिंग गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांनी थोडं सरकून म्हाताऱ्याला जागा करून दिली.

“बसा. माझं बी काम त्यांच्याकडंच हाय.”