बायनाबाईची वेगळी चूल

गल्लीत कुणाचे भाऊ वेगळे झाले, की बायनाबाईला बोलावणं यायचं. चूल घालावी तर तिनंच. काळी माती, शेण अन् भुसा कालवून ती अशी चूल थापायची की धूर म्हणून डोळ्यांत जायचा नाही. थापता थापता त्या घराला चार शब्द सुनावायचीही, "एका तव्यावरची भाकर गोड लागंना व्हय तुमाला?" वेगळं निघणाऱ्यांचा तिला मनापासून राग यायचा. आणि यंदा तिनं चूल घातली ती स्वतःच्याच अंगणात, पोटच्या पोरापासून वेगळी व्हायला.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, ते कधीतरी मिटतं तरी. झालं होतं असं, की निराधारांच्या सरकारी पगाराची नवी तपासणी निघाली होती. विधवा म्हणून बायनाबाईला तो पगार मिळायचा. त्यातूनच तिच्या शुगरच्या गोळ्या यायच्या आणि नातीला, सहा वर्षांच्या अर्पिताला, सेलूच्या बाजारातून कधी रिबीन, कधी खाऊ यायचा. गावचा कोतवाल परमेश्वर सांगत आला, "काकू, कमावतं पोरगं एकाच राशन कार्डावर असलं की नाव कटायलंय. कार्ड वेगळं करा. अन् नुसतं कागदावर न्हाई, साहेब घरी येऊन चूल बघणार हायेत."

मुलगा राम सेलूच्या कापूस-जिनिंगमध्ये हंगामी कामाला होता. जिनिंग चालू असेतो कमावता, पुढं घरी बसून. सरकारच्या लेखी मात्र तो बारा महिने कमावता. जिनिंग बंद पडल्यावर तो काय खातो, हे बघायला कुणी साहेब कधी आला नव्हता.

"राहू दे माय," राम मान खाली घालून म्हणाला, "मी आणीन तुझ्या गोळ्या."

ते त्याला जमणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"चूलच दाखवायची ना? घालते की," बायनाबाई म्हणाली. "साहेब येऊन गेला की मोडून टाकू."

दिखाव्यापुरते दगड मांडले असते तरी भागलं असतं. पण वाईट चूल घालायला तिचा हातच धजेना. अंगणातल्या पत्र्याच्या छपरीत तिनं खपून खपून बाजूच्या जोडचुलीसकट, वैलासकट, चूल घातली, वरून पोतेरं फिरवलं. हळदकुंकू वाहायला सुनेला हाक मारली, कारण विधवेनं ते वाहायचं नाही ही रीत तिनं जन्मभर पाळलेली.

रोहिणी हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली. "आत्याबाई, मला लय कसंतरी व्हायलंय."

"अगं, खोटी खोटी हाय ती," बायनाबाई हसली.

साहेब कधी येईल याचा नेम नव्हता. गल्लीतल्या कुणी चुगली करू नये म्हणून खोटी चूलही रोज पेटवावी लागायची. अर्पिताला पढवून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचं, आज्जी वेगळी जेवते. पोरीला तो खेळच वाटला. सुरुवातीला रोहिणी पदराआड भाजीची वाटी आणून द्यायची. मग कापूस वेचणीला आला, ती उजाडताच रानात जाऊ लागली, वाटी कधी यायची, कधी राहायची. रोहिणी वाईट नव्हती. बायनाबाई स्वतःला हे पुन्हा पुन्हा बजावायची. हाताला एक अंदाज बसतो, आणि सुनेच्या हाताला आता सासूला वगळून पीठ घ्यायची सवय लागली होती, एवढंच.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी साहेब आला. छपरीत वाकून त्यानं राखेला हात लावला. राख कोमट होती.

"बाळ, आजी कुठं जेवते?" त्यानं अर्पिताला विचारलं.

"आज्जी वेगळी जेवते!" अर्पितानं शाळेत कविता म्हणावी तसं मोठ्यानं सांगितलं. साहेबानं चुलीचा फोटो काढला आणि तो गेला. पगार राहिला. रामनं पोरीला उचलून घेतलं, रोहिणीनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

बायनाबाईनं कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"नको माय," राम म्हणाला. "फोटू निघालाय तिचा. पुढल्या साली परत बघायला येतेत."

त्याचं खरंच होतं. तिनं कुदळ ठेवून दिली. पण साहेब तर आता गेला होता, निदान आज तरी पोरांत बसून जेवावं, म्हणून सांज होताच ती आपली ताटली घेऊन घरात आली आणि कणगीजवळच्या तिच्या जुन्या जागेवर टेकली. रोहिणीनं टोपल्यातल्या भाकरींकडे पाहिलं आणि ती गडबडीनं पिठाच्या डब्याकडे वळली.

"आज्जी, तू इथं न्हाई!" अर्पिता ओरडली. "तू वेगळी जेवतीस ना?"

आणि दुपारसारखं कौतुक होईल म्हणून ती सगळ्यांकडे बघू लागली. रामचा घास हातातच राहिला.

"खरंच की गं. चुकलंच माझं," म्हणत बायनाबाई उठली.

"आत्याबाई, बसा की. आताच टाकते भाकर."

"नको पोरी. तिकडं पऱ्हाट्या पेटवून आलेय मी."

पेटवलं काहीच नव्हतं. छपरीत येऊन तिनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या चुलीत सारल्या, काडी ओढली. चूल लगेच पेटली. बायनाबाई पदरानं डोळे पुसत राहिली. कुणी विचारलं असतं तर धुराचं निमित्त सांगायचं, पण तिच्या हातच्या चुलीला धूरच नव्हता.