एक जूनची माणसं

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आयसीयूतला फोन वाजला.

"लॅबमधून बोलतोय. बेड तीन, मधुकर सावंत. पोटॅशियम सहा पॉइंट आठ. फोन कुणी घेतला?"

"श्रुतिका परब." तिने आकडा परत म्हणून दाखवला आणि वेळ लिहून घेतली.

सहा पॉइंट आठ म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं. अशा वेळी काय करायचं ते श्रुतिकाला पाठ होतं. मुलुंडच्या या हॉस्पिटलात ती सात वर्षं होती. पाच वर्षं स्टाफ नर्स, नंतरची दोन नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सची. पेशंटला तपासायचं, ठरलेल्या नियमांच्या चौकटीत उपचार सुरू करायचे आणि डॉक्टरांना कळवायचं, हे त्या कोर्सने शिकवलं होतं. दहा दिवसांपूर्वी निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. त्याआधीच आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने ऑनलाइन मुलाखत घेऊन तिला नोकरी देऊ केली होती. तिने इथला राजीनामाही दिला होता. आता इथले अठरा दिवस उरले होते आणि आयर्लंडला एकच कागद जायचा होता: तिच्याबद्दलचा फॉर्म. तो जानकी सिस्टर, म्हणजे आयसीयूच्या इन्चार्ज, उद्या भरून पाठवणार होत्या. त्यातला सातवा प्रश्न असा होता: या नर्सच्या हातून गेल्या दोन वर्षांत चूक झाल्याची नोंद आहे का?

उत्तर 'नाही' होतं.

"सपना, तीन नंबरला इन्सुलिन आणि ग्लुकोज. लवकर."

सपना तिच्याबरोबरच नोकरीला लागलेली. दोन मिनिटांत ती सिरिंज घेऊन आली. पोटॅशियम खाली आणणाऱ्या या औषधाचं प्रमाण दोघींनी मोठ्याने वाचून तपासलं. श्रुतिकाने सिरिंज नळीला जोडली आणि सवयीने मॉनिटरकडे पाहिलं.

ठोके नियमित होते. प्रत्येक ठोक्यामागून येणाऱ्या टी लाटा बुटक्या, गोलसर. एवढं पोटॅशियम चढलेल्या माणसाच्या टी लाटा तंबूसारख्या टोकदार व्हायला हव्यात. नेहमी होतातच असं नाही, हेही तिला माहीत होतं. पण सकाळी सहाला याच माणसाचं पोटॅशियम चार पॉइंट दोन होतं, किडन्या ठीक होत्या. आठ तासांत एवढं कशाने वाढेल?

"थांब," ती म्हणाली. "आधी गॅस मशीनवर बघू."

"अगं, क्रिटिकल कॉल आहे ना?"

"दोन मिनिटं."

आयसीयूतल्या रक्त तपासायच्या छोट्या मशीनने ताज्या रक्ताचा आकडा नव्वद सेकंदांत दिला. चार पॉइंट एक. म्हणजे ते रक्त या मधुकर सावंतांचं नव्हतं. ती वळली आणि समोरच्या रांगेत बेड नऊच्या मॉनिटरवर तिला तंबू दिसले. एकामागे एक, सारखे.

पुढची काही मिनिटं तिने फक्त हातांनी काम केलं. हृदय सावरायला नऊ नंबरला कॅल्शियम दिलं, आधीची सिरिंज टाकून इन्सुलिनची नवीन भरून घेतली, डॉक्टरांना फोन केला. लाटा हळूहळू बसल्या. बेड नऊचे काका डोळे उघडून म्हणाले, "काय झालं, बाय? एवढे सगळे का जमलात?"

"काही नाही काका. पडून राहा."

त्यांचंही नाव मधुकर सावंत. किडनीचा आजार, सकाळी साडेअकराला दाखल. एकला त्यांचं रक्त श्रुतिकानेच काढलं होतं. नियमाप्रमाणे तिने दोन गोष्टी विचारल्या होत्या.

"काका, पूर्ण नाव सांगा."

"मधुकर गणपत सावंत."

"जन्मतारीख?"

"एक जून एकोणीसशे त्रेपन्न. शाळेतली."

खालच्या नोंदणी काउंटरवरून आलेल्या स्टिकरवर नाव होतं मधुकर जी. सावंत आणि तारीख हीच. तिने स्टिकर ट्यूबला चिकटवला. त्याखालचा आठ आकडी नंबर मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून पाहायला हवा होता. तो तिने पाहिला नाही. काउंटरवरच्या माणसाने नाव आणि तारीख टाकून शोधलं होतं, पहिलं नाव बेड तीनचं निघालं आणि त्याचेच स्टिकर छापून वर आले होते. बेड तीनचे मधुकर गोविंद सावंत. त्यांचीही तारीख एक जून त्रेपन्न.

पावणेतीनला सपनाने तिला औषधांच्या खोलीत ओढलं.

"हे बघ. तीन नंबरच्या कागदावर लिहायचं, सॅम्पल हिमोलाइज्ड, रिपीट केलं, नॉर्मल. संपलं."

रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच जास्त येतं. हे रोज कुठेतरी होतं आणि त्यात कुणाला दोष येत नाही. म्हणून न जुळणाऱ्या प्रत्येक आकड्यावर तो शब्द लिहायची पद्धत पडली होती.

"पण ते हिमोलाइज्ड नव्हतं."

"मला माहितीये नव्हतं! कुणाला काही झालं का? नाही ना? उद्या तुझा फॉर्म जातोय, येडी. वाट लावून घेतेस का स्वतःची?"

"नऊ नंबरला तेहतीस मिनिटं कुणी बघितलं नाही. लॅबमध्ये रिझल्ट आला एक सत्तावन्नला. कॅल्शियम गेलं अडीचला."

"तुला मिनिटं मोजायची फार हौस," सपना म्हणाली. मग आवाज उतरवून: "मी कुणाला बोलणार नाही. तू ठरव."

ड्युटी संपल्यावर श्रुतिका घरी गेली नाही. तिने दाखल पेशंटचं रजिस्टर काढलं आणि गेल्या तीन महिन्यांतल्या साठीवरच्या लोकांच्या जन्मतारखा पाहिल्या. दोनशे चौदा माणसं. त्यातली एक जूनची एकसष्ट. खरं तर तारखा सारख्या विखुरल्या असत्या तर फार तर एखादा सापडला असता. तिला कारण माहीत होतं. पोराला शाळेत घालताना बापाला तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. तिच्या बाबांचीही तीच तारीख. आजीच्या म्हणण्याप्रमाणे ते गणपतीत जन्मले होते.

म्हणजे माणूस ओळखायची जी खूण सगळे वापरत होते, ती दर साडेतीन म्हाताऱ्यांमागे एकाची सारखीच होती. आणि हे मला आज कळतंय, तिला वाटलं.  

शुक्रवारी सकाळी आठला ती जानकी सिस्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि भरलेला इन्सिडंट फॉर्म, म्हणजे झालेल्या चुकीची नोंद, पुढे केला.

सिस्टरांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग फॉर्म उलटा ठेवला.

"हे तुला आजच सुचलं?"

"काल झालं, सिस्टर."

"काल झालेलं सोमवारी लिहिता येतं. आज मी तुझा आयर्लंडचा फॉर्म पाठवते, सोमवारी तू हे आणून दे. खोटं कोण बोललं?"

श्रुतिकाने याचा विचार केला नव्हता. क्षणभर तिला ते अगदी बरोबर वाटलं. 

"नियम चोवीस तासांचा आहे. आणि तोवर काउंटरवर तसेच स्टिकर छापतील. शनिवार-रविवार दोन दिवस आहेत."

"बावीस वर्षं मी या आयसीयूत आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खणातून एक फाइल काढून टेबलावर आपटली. "हे सगळे इन्सिडंट फॉर्म. बघ किती आहेत. नऊ. बावीस वर्षांत नऊ चुका झाल्या असं वाटतं तुला? माझ्या हातून एकटीच्या जास्त झाल्यात."

सिस्टरांनी फाइल परत खणात टाकली.

"सातव्या प्रश्नाला मला 'हो' लिहावं लागेल. कळतंय ना? आणि तुझा राजीनामा मेट्रनने मंजूर केलाय. तुझ्या जागी दुसरी घेतलीय."

"कळतंय."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

सिस्टरांनी आयर्लंडचा फॉर्म पुढे ओढून पेन उघडलं. 'हो' वर खूण करायला त्यांनी इतका वेळ लावला की श्रुतिकाला वाटलं, त्या विचार बदलतायत. खाली तपशिलासाठी चार ओळी होत्या. तिथे त्यांनी काहीतरी लिहिलं, कागद तिला दाखवला नाही आणि स्वतः स्कॅन करून पाठवला.

दुपारी त्या काउंटरवर गेल्या. तिथला त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

पुढचे सहा दिवस श्रुतिकाने प्रत्येक स्टिकरचे आठही आकडे मोठ्याने वाचले. सपना वैतागली. "भजन म्हणतेस का काय?" घाटकोपरच्या घरून बाबा मोबाइलवर जाडजूड जाकिटांचे फोटो पाठवत होते आणि यातलं कुठलं घ्यायचं विचारत होते. ती "बघू" म्हणायची. जेवण जात नव्हतं. मोबाइल वाजला की नंबर परदेशातला आहे का, ते ती आधी पाहायची.

गुरुवारी दुपारी आयर्लंडहून व्हिडिओ कॉल आला. आधी मुलाखत घेणारीच बाई होती. तिने काय घडलं ते सांगायला लावलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, दोघांची तारीख एकच कशी? श्रुतिकाने शाळा, जून आणि गुरुजी समजावले. एकसष्टचा आकडाही सांगितला. बाईने तो लिहून घेतला.

"तुम्ही नंबर का पाहिला नाही?"

तयार केलेलं उत्तर होतं: कामाचा ताण, सोळा बेड, तीन नर्स. सगळं खरं.

"नाव आणि तारीख जुळली. मला खात्री वाटली," ती म्हणाली. "खात्री वाटली म्हणून पाहिला नाही."

उत्तर शनिवारी मेलवर आलं. नोकरी कायम होती. मात्र रुजू व्हायची तारीख तीन महिने पुढे गेली होती, आणि पहिले सहा महिने तिने दुसऱ्या नर्सच्या देखरेखीखाली काम करायचं होतं. औषध स्वतःहून द्यायचं नाही.

तिने मेल दोनदा वाचला आणि बाबांना सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. सहदेव परब टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत राहिले.

"म्हणजे गो, एवढा पास होवन परत शिकाऊच?"

"हो."

"आणि मधले तीन महिने?"

"सिस्टर मेट्रनशी बोलतायत. राहू देतील की नाही माहीत नाही."

बाबांनी मान हलवली. "तो नऊ नंबरचो म्हातारो कसो आसा?"

"काल वॉर्डात हलवला. उद्या-परवा घरी."

"मग झाला तर," ते म्हणाले, पण टीव्हीचा आवाज त्यांनी बराच वेळ परत सुरू केला नाही.