वडी का बिघडली, ते मला ठाऊक होतं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पुरणयंत्र आहे. नावात पुरण असलं, तरी पुरणाशी माझी गाठ होळीला आणि एखाद्या सणालाच पडते. माझं खरं काम बटाट्याचं. हसू नका! बटाट्याची गोड वडी ज्यानं खाल्ली आहे, तो हसणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा ओतशाळेत झाला. तीन पाय, एक दांडा आणि तळाशी बारीक भोकांची जाळी, एवढाच माझा संसार. बारामतीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात मी टांगलेला असायचो. लीलाबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं मला उतरवून घेतलं, दांडा दोनदा फिरवून पाहिला आणि एसटीत मांडीवर ठेवून सोमेश्वरनगरजवळच्या मळ्यात आणलं. जाळीत तिच्या पदराचा धागा अडकला होता, तो घरी पोचेपर्यंत सुटला नाही.

या घराची एक रीत आहे. कारखान्याची तोड आली आणि उसाची पहिली मोळी बांधली गेली, की तोडणाऱ्या माणसांना घरची वडी द्यायची. माणसं फार आणि दूध बेताचं, म्हणून घरातल्या कुणा जुन्या बाईनं खव्याऐवजी बटाटा घेतला, आणि तीच रीत पडली. बटाटे उकडायचे, चटके सोसत गरम गरम सोलायचे आणि माझ्यात घालायचे. लीलाबाई दांडा फिरवायची आणि जाळीतून बटाटा मोकळा, भुसभुशीत पडायचा. मग साखर, ओलं खोबरं, तूप, वेलदोडा. कढईत गोळा फिरायला लागला, की तूप लावलेल्या ताटात थापायचा आणि सुरीनं वड्या पाडायच्या. बीडकडून टोळी घेऊन येणारा महिपती मुकादम दर वर्षी म्हणायचा, "वैनी, ह्या वडीसाठी तरी तुमच्याच फडात पहिलं यावं वाटतं बघा." ती वाहवा लीलाबाईची असायची, पण थोडी माझ्याही वाट्याला यायचीच की!

मग एका वर्षी लीलाबाई गोठ्यात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. त्याच वर्षी तिच्या मुलाचं, राजवर्धनचं लग्न झालं. जळोचीची आसावरी सून होऊन आली आणि तिच्याबरोबर नवा कोरा मिक्सरही आला. वडीचं काम आता आसावरीकडं गेलं. मनगटाला पट्टा बांधलेली लीलाबाई तिला म्हणाली, "कशाला दांडा फिरवत बसतीस? मिक्सरमदी घाल. माझा हात गेला, तुझा तरी ऱ्हाऊ दे." मायेनंच म्हणाली बरं का. आणि त्या मायेपायी मी गेलो माळ्यावर, जुन्या सतरंजीच्या गुंडाळीवर.

मित्रांनो, माळा स्वयंपाकघराच्या वरच होता, त्यामुळं मला सगळं दिसायचं. मिक्सर वाईट आहे, असं मी म्हणत नाही. चटणी करावी ती त्यानंच. पण उकडलेला बटाटा त्याच्या पात्यात सापडला, की फिरून फिरून त्याची पार चिकट खळ होते. मग तो कितीही शिजवा, काही केल्या आळत नाही. आसावरीची पहिली वडी अशीच झाली, ताटाला चिकटून बसलेली. "असू दे, नवी हाय," म्हणत घरातल्यांनी ती चमच्यानं खाल्ली.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तिनं साखर कमी केली, दुधाची पावडर घातली, दंड भरून येईतो ढवळलं. वडी मात्र काही केल्या पडायची नाही. मी वरून ओरडत होतो, "अगं, बटाटा मोकळा कर! मला खाली काढ!" पण माळ्यावरच्या भांड्याला वाचा कुठली?

एवढ्यावर थांबतं, तर बरं होतं. एका सकाळी लीलाबाई नवऱ्याला, रामहरीआबांना हळूच म्हणाली, "अवं, पोरगी गुणाची हाय, पण तिच्या हाताला गुण न्हाय बगा." आसावरी तेव्हा दारात दुधाची किटली घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. आणि त्या दिवसापासून तिनं गोडधोड करणं सोडलं. साधा शिरा करायचा झाला, तरी ती लीलाबाईला म्हणायची, "आई, तुम्हीच करा." आपल्या हातानं काही बिघडेल, ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली. मला फार वाईट वाटायचं. ती जीव ओतून काम करणारी पोर, आणि स्वतःच्याच हातांकडं परक्यासारखी बघायची.

यंदा तोड आली, तेव्हा ती म्हणाली, "आई, बारामतीहून पेढे आणू या. पहिल्या मोळीच्या शकुनाला फडात माझ्या हातचं नको. त्या लोकांच्या हातात कोयते असतात. काही वाईट झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"काहीतरीच तुझं!" लीलाबाई म्हणाली. पण ती चरकली. मनगट आता बरं झालं होतं. तिनं पदर खोचला. "सर बाजूला. मीच करती. बघ कशी हुती ती."

आणि मित्रांनो, तिनं काय करावं? सवयीनं सरळ मिक्सरच उघडला! भरर्र करून बटाटा फिरवला, ऐटीत कढईत ओतला आणि ढवळायला लागली. आबा पाट घेऊन बघायला बसले. बराच वेळ झाला. गोळा काही होईना. शेवटी लीलाबाईनं कालथा उचलला, तर त्याच्याबरोबर अख्खी कढईच वर आली!

आबा म्हणाले, "वडी हाय का पोस्टर चिकटवायची खळ?"

"गप बसा जरा!" लीलाबाई लालबुंद झाली. "अगं बया, माझ्या हाताला काय झालं?" तिनं कढईत पाहिलं, मग मिक्सरकडं, मग सुनेकडं. "आसावरी, तू बी ह्यातच फिरवत हुतीस?"

"हो आई. तुम्हीच सांगितलं होतंत."

लीलाबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजे मीच सांगितलं, आनि मीच तुला नावं ठेवली! पोरी, तुझा हात ह्यात कुठं आला गं?" मग ती ओरडली, "राजवर्धन! माळ्यावरचं यंत्र काढ आदी!"

मी खाली आलो, मित्रांनो! अंगावर हिरवा गंज, जाळीत कोळ्याचं घर, दांडा तर जागचा हलेना. आसावरीनं मला चिंच लावून घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, खोबरेल तेलाचे थेंब सोडले. कुरकुरत का होईना, मी फिरलो. लीलाबाई लांब पाटावर बसली आणि म्हणाली, "मी बोट लावायची न्हाय. सगळं तुजं तू कर."

नवे बटाटे उकडले. आसावरीनं दांडा धरला आणि हळूहळू फिरवला. जाळीतून बटाटा मोकळा मोकळा पडला. कढईत गोळा कडा सोडून फिरायला लागला. तिनं ताटात थापला, निवू दिला आणि सुरी घातली. वडी अलगद सुटली, कोपऱ्यासकट. आसावरी ती हातात घेऊन बघतच राहिली, आणि मग एकदम हसता हसता रडायला लागली. माझ्या तर सगळ्या अंगावरचं ओझं उतरलं. हुश्श! सुटली बिचारी एकदाची.

पहिली मोळी बांधून टोळी घरासमोर आली. मला धुऊन ओट्यावर उन्हात वाळत ठेवलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. महिपती मुकादमानं वडी तोंडात टाकली आणि म्हणाला, "वैनी, आता कसं! तुमचा हात बरा झाला म्हणायचा."

लीलाबाई सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "माझा न्हाय, मुकादम. ही आमच्या सूनबाईच्या हातची हाय. तिच्या हाताला गुण न्हाय म्हणणारी मी हुते, आनि चुकी माझी हुती. ऐकलं का सगळ्यांनी?" मग तिनं आसावरीचा हात धरून पुढं आणला आणि ताट तिच्याकडं दिलं. आसावरीनं स्वतःच्या हातानं एकेकाला वडी वाटली.

मित्रांनो, आता मी फडताळात खालच्याच फळीवर असतो. जुन्या वस्तूंना अधूनमधून घासावं, थेंबभर तेल द्यावं, एवढं मागणं तर माझं आहेच. पण मला विसरलात, तरी मी पितळच आहे, सोसेन. माणसाचं तसं नसतं. म्हणून कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी, त्या हातात आपण काय दिलं होतं, तेवढं एकदा बघत जा.