अंबाडीचा डोह

जानराव गावंडे खुर्चीवर असले की घरात सुख असे, हे फक्त त्यांच्या बायकोला, चतुराबाईला, ठाऊक होतं. सरपंचकी गेली तेव्हा ते दिवसभर चुलीपाशी बसून भाजीतलं मीठ तपासत. सभापतिपद गेलं तेव्हा तर त्यांनी फडताळातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले आणि रोज तसेच आहेत ना ते पाहिलं. म्हणून चौऱ्याहत्तर साली पक्षानं या पडेल उमेदवाराची समजूत काढायला त्यांना राज्याच्या पाणी-प्रदूषण समितीवर नेमलं, तेव्हा देवापुढं साखर ठेवली ती चतुराबाईनं. प्रदूषण म्हणजे काय ते दोघांनाही माहीत नव्हतं. मुंबई लांब आहे, एवढं तिला पुरे होतं.

शेलूबाजारच्या सत्कारात जानराव म्हणाले, "पानी नासवनारा माहा सख्खा भाऊ असला, तरी पहिला खटला त्याच्यावर." टाळ्या पडल्या. भाऊ नव्हताच त्यांना.

कार्तिक सरताना सरकारी जीप त्यांच्याच गावी, धनजला आली. जानराव सफारीत, सोबत पंचनामा लिहायला कारकून. नाल्यापाशी उतरताच दोघांनी रुमाल नाकाला लावले. गावाची अंबाडी भिजत होती. तिच्या पेंढ्या दगडाखाली पाण्यात कुजवायच्या, मग साल सोलून दोर वळायचे, ही तिथली रीतच. वास असा, की म्हशीसुद्धा वाट बदलत.

खालच्या अंगाला बौद्धपुऱ्यातल्या बाया वाळू उकरून पाणी भरत. त्यांच्यातली सोजरबाई, समितीकडं या पाण्याच्या तक्रारीचा अर्ज करणारी, भरला तांब्या घेऊन उभीच होती.

"घ्या भाऊ, पेऊन पाहा."

"नमुना बाटलीत घेतात, सोजरबाई."

"आमी नाई बाटलीतून पेत."

लोक हसले. जानरावांनी आवाज चढवला. "कोनाच्या पेंढ्या हायेत ह्या?"

चतुराबाई पुढं आली. "मधली मोठी रास आपली हाये. तुमीच तं म्हनले, यंदा दोर इकत घ्याचे नाई."

कारकुनाचा पेन थांबला.

"आन पानी अडवून डोह कोनं केला, तेही लिहा," सोजरबाईनं बांधातल्या दगडाकडं बोट केलं. त्यावर कोरलं होतं: अंबाडीचा डोह, उद्घाटक सरपंच जानराव गावंडे. सरपंचकीतलं त्यांचं तेवढंच काम पावसात टिकलं होतं.

जानरावांचा चेहरा निकालाच्या दिवशी होई तसा झाला. खटला भरावा तर बायकोवर, न भरावा तर सोजरबाई मुंबईपर्यंत जाणारी. कसंही केलं तरी खुर्ची जाणार आणि हा माणूस डब्यांपाशी येऊन बसणार, हे चतुराबाईला लख्ख दिसलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "आपल्या घरामागं पडीक हाये. तिथं खड्डा खंदा, मोटेचं पानी सोडा. गावाची अंबाडी तिथं भिजन. हा बांध फोडा."

"आन माहा दगड?"

"तोही न्या. अजून एक नारळ फोडा."

जानरावांचा चेहरा फुलला. पेंढ्या गाड्यांतून घरामागं गेल्या, दगडही गेला. बांधावर पहिली कुदळ त्यांनीच घातली, फोटोपुरती. बाकी बांध गावानं फोडला.

नाला वाहता झाल्यावर जीप पुन्हा आली. सोजरबाई पुन्हा तांब्या घेऊन उभी. कारकून बाटली काढू लागला.

"राहू दे ते," जानराव म्हणाले.

गावंड्यांच्या घरात आजवर कोणी त्या पुऱ्यातलं पाणी घेतलं नव्हतं. जानराव डोळे मिटून प्यायले, अर्ध्यावर डोळे उघडले, आणि तांब्या रिकामा केला.

"गोड हाये."

"मंग? दर साली येऊन पेत जा," सोजरबाईनं तांब्या परत घेतला. "पेल्याबिगर सही नाई कराची."

जीप मुंबईच्या वाटेला लागली. चतुराबाईच्या चुलीपुढची खिडकी नेमकी खड्ड्याकडं उघडे. लावून घेतली तरी वास यायचाच. त्या वासात ती भाजी फोडणीला टाकी, मीठ हाताच्या अंदाजानं घाली, आणि डबे पडतील तसे ठेवी.