ब्रश पुसायचं फडकं

धाकटी बावन्न वर्षांची झाली तरी घरात धाकटीच राहिली. बाहेर मात्र तिचा दरारा होता. तिची चित्रं मोठाली, चटकन न कळणारी आणि सगळी बाईच्या जन्माबद्दलची असत. कुठे दाराला दात आलेले, कुठे इस्त्रीला डोळे फुटलेले. व्याख्यानात ती ठणकावून सांगे, "बाईचं काम कुणाला दिसत नाही, कारण ते रोज करायचं आणि रोज पुसलं जायचं." टाळ्या पडत. त्याच वेळी घरी तिची थोरली बहीण, ताई, तिचे कपडे वाळत घालत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हे धाकटीला कळायला फार उशीर लागला.

नवरा गेल्यावर ताई धाकटीकडे चार दिवस राहायला आली आणि तिथेच राहून घर सांभाळू लागली. संध्याकाळी धाकटी चित्रावरून उठली की ताई रंगाच्या खोलीत शिरे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवण्याआधी ती त्यातला उरलेला रंग एका जुन्या चादरीवर पुसून काढी. चादर मोडक्या चौकटीवर ताणून दारामागे उभी केलेली होती. "एवढा महागाचा रंग मोरीत कशाला घालवायचा?" असं ती म्हणे. तीन वर्षं हे चाललं. दारामागे डोकावून धाकटीने एकदाही पाहिलं नाही. फडक्याकडे कोण पाहतं?

पाहिलं ते कलादालनाच्या बाईंनी. प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला त्या घरी आल्या होत्या. अकरा चित्रं बघून त्या नुसत्या "छान, छान" म्हणत राहिल्या, आणि धाकटी न विचारता एकेका चित्राचा अर्थ सांगू लागली. मग उजेड नीट पडावा म्हणून त्यांनी दार लोटलं आणि चादर समोर आली. किटलीच्या तोंडातून वेणी निघाली होती, ती खिडकीबाहेर जाऊन झाड झाली होती. रिकाम्या खुर्चीला गुडघे होते. मधोमध रंगच नव्हता, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी जागा तेवढी सोडलेली. बाई चादरीच्या अगदी जवळ गेल्या.

"हे का लपवून ठेवलंत?" त्यांनी विचारलं. "तुमचं आजवरचं सगळ्यात धीट काम आहे हे."

ते ब्रश पुसायचं फडकं आहे, ताईचं आहे, एवढंच सांगायचं होतं. ताई पलीकडच्या खोलीत चहा गाळत होती, हाक मारली असती तर आली असती. धाकटी म्हणाली, "अजून पुरं झालेलं नाही ते."

झालं. आयत्या बिळात नागोबा जाऊन बसला. त्याच रात्री तिने कोपऱ्यात सही केली. तिथे चादरीला ताईच्या हातचं रफू होतं, त्यावर ब्रश अडखळला. दुसऱ्या दिवशी चित्र दालनात रवाना झालं, तेव्हा ताई बाजारात गेली होती. ती परतल्यावर धाकटी म्हणाली, "ते फडकं फार मळलं होतं, टाकून दिलं मी. दुसरं घे." ताई "बरं" म्हणाली. त्या दिवशी चहाला उशीर झाला. ताई मोरीत साबण लावून लावून हात धूत होती, आणि चहा वेळेवर मिळत नाही म्हणून धाकटी करवादलीसुद्धा.

प्रदर्शनाला ताई येऊ नये म्हणून धाकटीने जंग जंग पछाडलं. गर्दी असते, बसायला जागा नसते, तुझे पाय दुखतील. पण बाईंनी परस्पर फोन करून आमंत्रण दिलं, आणि रविवारी सकाळी ताई ठेवणीतले कपडे घालून दालनात हजर झाली. चादर समोरच्याच भिंतीवर होती. धाकटी तिच्यापुढे आडवी उभी राहिली, पण हातभर बाईने सहा फुटी चित्र झाकणार किती? ताई जवळ आली. आधी तिने रफू पाहिलं, मग सही. तिने बोटाने चष्मा वर सरकवला आणि सही पुन्हा एकदा वाचली.

तेवढ्यात वर्तमानपत्राच्या बातमीदार मुलीने तिलाच गाठलं. "तुम्ही घरातल्या ना? हे चित्र होताना पाहिलंत?"

"पाहिलं की," ताई म्हणाली. "रोज संध्याकाळी थोडं थोडं व्हायचं." मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "मी जरा बाहेर बसते. इथे गुदमरतंय."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने चारचौघांत तिला उघडं पाडलं असतं तर सोसलं असतं. तिने झाकलं, ते सोसवेना. बाईंनी बोलायला उभं केलं तेव्हा तिने व्याख्यानाचा कागद घडी करून ठेवला.

"हे चित्र माझं नाही," ती म्हणाली. "माझ्या बहिणीने काढलंय. मी चोरलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे टिपले. "प्रत्येक बाईच्या चित्रात तिच्या बहिणीचा हात असतोच," त्या म्हणाल्या. "तसं नाही हो, ब्रशच तिच्या हातात होता," धाकटी काकुळतीला येऊन सांगत राहिली, आणि लोक तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करत राहिले. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. गर्दीतून वाट काढत ती बाहेर आली.

ताई पायरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"सगळ्यांना सांगितलं मी," धाकटी म्हणाली.

"ऐकलं. टाळ्यासुद्धा ऐकल्या."

"ती सही मी पुसून टाकते. आजच. तू माझ्यावर रागावू नकोस."

"सहीचं काय एवढं? तू मागितलं असतंस तर दिलं असतं मी." ताईने पिशवीचे बंद सारखे केले. "पण टाकून दिलं म्हणालीस ना, तेव्हा मी खाली जाऊन कचऱ्याचं पिंप उपसलं होतं. दोनदा."