येतो हं, मावशी

दार तिसरं

खून झालेली बाई एकटी राहायची, आधीच्या दोघींसारखीच. कुलूप शाबूत. आरडाओरडा नाही. तपास अधिकारी शेजारणीसमोर बसला.

"कोणी आलं होतं?"

"भाचा येऊन गेला ना दुपारी."

"बघितलंत त्याला?"

"बघायला कशाला हवं? जाताना दारातून म्हणाला, येतो हं मावशी. परका माणूस असं म्हणतो होय?"

झालं. पहिल्या दाराशी पुतण्या, दुसऱ्या दाराशी भाचा, इथे पुन्हा भाचा. तिघींच्या नात्यातली सगळी पोरं त्याने पिंजून काढली. एक परदेशात, एक अंथरुणाला खिळलेला, एकाला तर मावशी आहे हेच ठाऊक नव्हतं.

दार घरचं

"अहो, निघताना येतो तरी म्हणत जा," बायको म्हणायची. "चोरासारखे काय सटकता?"

तो म्हणत नसे. तो शब्द आता त्याच्या तोंडात विटाळला होता. ताटावर बसला तरी मन शेजारणींच्या जबाबात. मुलगी बाळंत झाली, तेव्हाही हा भाचेच शोधत होता.

एका सकाळी बायको बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मुलीकडे निघाली होती.

"जाते."

जाते! कोपऱ्यावर भाजीला निघाली तरी 'येते' म्हणणारी बाई.

दार लागलं. मग त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "ये."

बंद दाराला.

तो तसाच उभा राहिला. तिन्ही शेजारणींनी 'येतो' ऐकलं होतं. 'ये' कोणी ऐकलं होतं का?

तो धावत जिना उतरला. बायको रिक्षाची वाट बघत फाटकाशीच उभी होती. तिला वाटलं, आपल्यासाठीच आला. तो गाडीत बसून निघून गेला.

दार तिसरं, पुन्हा

"मावशी काय म्हणाल्या?"

"कधी?"

"तो 'येतो' म्हणाला तेव्हा."

शेजारीण विचारात पडली. मग तिने पदर तोंडाशी नेला.

"काहीच नाही हो म्हणाल्या."

दार चौथं

एकट्या बायकांच्या शेजाऱ्यांना त्याने एवढंच बजावून ठेवलं: येतो ऐकलंत, की उत्तराची वाट बघा. एका निवृत्त शिंप्याने वाट बघितली, शेजारच्या मावशींना हाक मारली आणि जिन्याचं लोखंडी दार ओढून कडी घातली. आत अडकला तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा. भाचा कोणाचाच नाही. मावशींचा श्वास चालू होता.

ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी येऊन त्याने स्वतःच कुलूप उघडलं.

दार मुलीचं

चहा झाला. नातू मांडीवर दिला, रडला, परत घेतला.

"धरलात म्हणे," बायको म्हणाली.

"हो."

"बरं झालं."

कसा धरला, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर काय सांगणार होता? तुझ्या 'जाते'मुळे?

"घरी..." तो म्हणाला.

"बाळाच्या अंघोळीचं पाणी निवतंय," ती म्हणाली.

तो उठला. दाराबाहेर बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या.

"येतो," तो म्हणाला. नीट, मोठ्याने.

आणि जिन्यात थांबला. कान आत.

आतून आवाज आला, पण उशिरा. "सांभाळून जा."

जा. 'या' नव्हे.

समोरचं दार किलकिलं झालं होतं. शेजारणीने त्याला खालीवर न्याहाळलं. येतो म्हणाला, म्हणजे घरचाच कोणीतरी. तिने निर्धास्तपणे दार लावून घेतलं.